निरगुड सर कोणत्या शाळेत शिकवतात?

बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हाची गोष्ट. कार्यालयातल्या बाईंनी माझा फॉर्म वाचता वाचता चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "इथे गावाचं नाव लिहायचं होतं. तुम्ही तुमच्या सरांचं लिहिलंय."

"मॅडम, ते गावच आहे."

"निरगुड सर?"

"जोडून वाचा. निरगुडसर. तालुका आंबेगाव."

बाईंनी जोडून वाचलं, पण त्यांचं समाधान काही झालं नाही. शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाल्या, "अहो, निरगुड सर नावाचं गाव आहे म्हणे." ही बातमी दुपारपर्यंत वर्गात पोहोचली आणि मी वर्षभर 'निरगुड सर' झालो. आमच्या बॅचमधली पोरं लोकांनी आपल्याला सर म्हणावं म्हणून अभ्यास करत होती. मला ते पद गावानं पहिल्या आठवड्यातच फुकटात दिलं.

गावाचं नाव कशावरून पडलं, यावर पारावर बसलात तर संध्याकाळ जाईल. माझा आपला सरळ हिशेब आहे. निरगुडी म्हणजे आपली ती ओढ्याकाठी वाढणारी, निळसर तुऱ्यांची, उग्र वासाची झुडपं. दादीचे गुडघे धरले की ती म्हणायची, "पाँव बहुत दुखते रे, जरा निरगुडी तोड के ला." पाला उकळून शेक दिला की बरं वाटायचं. आता राहिला 'सर'. संस्कृतात सर म्हणजे तळं. पण मी पडलो उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारा, त्यामुळे मला एवढ्यावर थांबता येत नाही. मराठीत पावसाची सर येते, मोत्यांचा सर असतो, आणि 'याची सर त्याला नाही' असंही आपण म्हणतो. फारसीत सर म्हणजे डोकं. त्यावरून सरदार आला, सरकार आलं, सरहद्द आली, आणि गावोगावचा सरपंचही आला. सरपंचातला 'पंच' इथला आणि 'सर' इराणातला. म्हणजे कोणत्याही पक्षाचा सरपंच निवडून आणा, तो अर्धा फारसीच निघतो. उर्दूत डोकेदुखीला दर्द-ए-सर म्हणतात. नववीच्या वर्गावर शेवटचा तास घेणाऱ्या शिक्षकाला इंग्रजी 'सर' आणि फारसी 'सर' हे दोन्ही एकाच वेळी भेटतात.

पण खरी मजा आमच्या गावात नाही, शेजारपाजारी आहे.

मंचरकडून येताना अवसरी लागते. अवसरी एक नाही, दोन आहेत: अवसरी खुर्द आणि अवसरी बुद्रुक. महाराष्ट्रात असे खुर्द-बुद्रुक जिकडेतिकडे आहेत आणि बहुतेक लोकांना वाटतं की ही कुठल्या तरी देवाची किंवा घराण्याची नावं असावीत. एकदा एका सहकाऱ्यानं मला गंभीरपणे विचारलं होतं, "हे बुद्रुक कोण हो? बरीच गावं होती त्यांच्याकडे." खरं तर फारसीत खुर्द म्हणजे लहान आणि बुजुर्ग म्हणजे मोठा, वडीलधारा. एका गावाची दोन झाली की मोठं ते बुजुर्ग आणि धाकटं ते खुर्द. उत्तरेत आजही गावांच्या नावांत 'बुजुर्ग' तसाच आहे. आपल्याकडे तो मराठी जिभेवर रुळता रुळता बुद्रुक झाला. बाजारातला चिल्लर 'खुर्दा' याच खुर्दाचा भाऊबंद. उर्दूच्या विज्ञान पुस्तकात सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन म्हणतात, म्हणजे लहानातलं लहान दाखवणारं. पण अवसरी खुर्द बघायला खुर्दबीन लागत नाही. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय खुर्दातच आहे. धाकट्यानं इंजिनिअर व्हावं आणि थोरल्यानं शेती सांभाळावी, ही आपल्याकडची जुनीच रीत.

अवसरी निदान शेजारी शेजारी आहेत. पारगावांचं तसं नाही. आमच्या तालुक्यात एक 'पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक' आहे आणि एक 'पारगाव तर्फे खेड'. जुन्नर तालुक्यात आणखी एक आहे, 'पारगाव तर्फे आळे'. तर्फ हा अरबी शब्द, म्हणजे बाजू. जुन्या मुलखी कारभारात काही गावांच्या गटाला तर्फ म्हणत. तो कारभार गेला, परगणे गेले, पण सरकारी कागदांवर पारगावं अजून आपापल्या तर्फेला उभी आहेत.

चुलतभावाचं लग्न पहिल्या पारगावात होतं. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, साखर कारखान्याच्या बाजूला. निकाह जोहरच्या नमाजनंतर. बिर्याणीसाठी भोसरीहून भटारी बोलावला होता. देगा, मसाले, त्याची माणसं, सगळं एका टेम्पोत. सकाळी आठला भटाऱ्याचा फोन आला, "भाई, पोचलो पारगावात. मंडप दिसत नाय."

"देवळापाशी ये."

"देवळापाशीच आहे."

"मग कारखान्याचं धुराडं दिसतंय का?"

"धुराडं नाय. नुसता बटाटा दिसतोय."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. बटाटा म्हणजे सातगाव पठार. भटारी मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवून पेठेकडून वर चढला होता आणि पारगाव तर्फे खेडमध्ये जाऊन उभा होता. इकडे पाहुणे यायला लागलेले, अम्मीनं तसबीह हातात घेतलेली, नवरदेव उपाशी. तिकडे काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. त्या गावच्या लोकांनी टेम्पोला गराडा घातला, आधी चौकशी केली, मग चहा पाजला. भटाऱ्याला म्हणाले, "चुकलायसा, पण लग्नघरचं माणूस उपाशी कसं धाडायचं?" पोहे झाले. मग एका पोरानं मोटरसायकल काढली आणि टेम्पोच्या पुढे पुढे चालवत थेट आमच्या मंडपापर्यंत आणून सोडली. निघताना कुणीतरी टेम्पोत बटाट्याचं एक पोतं टाकलं. "लग्नाला मोकळ्या हातानं कसं जायचं?" म्हणे.

उशीर इतका झाला होता की मटण पुरेसं शिजवून मग वेगळं काही करायला वेळच नव्हता. भटाऱ्यानं शक्कल लढवली आणि ते बटाटे बिर्याणीत घातले. मुंबईचे पाहुणे बोटं चाटत म्हणाले, "वा, कोलकाता स्टाइल!" आम्ही माना डोलावल्या. कोलकात्यात बिर्याणीत बटाटा घालतात हे आम्हाला त्याच दिवशी कळलं. त्या मोटरसायकलवाल्या पोराला आम्ही जेवल्याशिवाय सोडलं नाही. आता आमच्या घरच्या प्रत्येक लग्नाची पत्रिका पारगाव तर्फे खेडला जाते. चुकून झालेली सोयरीक म्हणा हवं तर.

वडगावांचं घराणं याहून मोठं. आंबेगाव आणि जुन्नर हे दोनच तालुके धरले तरी वडगाव काशिंबेग, वडगाव पीर, वडगाव आनंद, वडगाव सहाणी, वडगाव कांदळी. मला हे नेहमी एका बापाचे पाच मुलगे वाटतात. एक फौजेत गेला आणि बेग झाला. दुसऱ्यानं संसार सोडला आणि पीर झाला. तिसरा आळेफाट्याजवळ बसून कायम आनंदात. चौथ्याला नवखा माणूस हमखास 'शहाणी' वाचतो, त्यामुळे तो उगाचच भाव खातो. पाचव्यानं शेजारच्या कांदळीचं नाव लावून घेतलं आणि गुपचूप शेती केली.

यात काशिंबेग हे माझं विशेष आवडतं. कासिम हा अरबी शब्द, वाटून देणारा असा त्याचा अर्थ. बेग हा तुर्की मानाचा किताब. आणि गावात प्रसिद्ध काय, तर स्वयंभू मोरया गणपती. चतुर्थीला भाविकांची गर्दी होते. म्हणजे अरबी नाव, तुर्की किताब, मराठी वड आणि गणपती बाप्पा, एवढं सगळं एकाच पाटीवर सुखानं नांदतंय. पाटीला त्याचं काही वाटत नाही.

शिरूर तालुक्यात टाकळी हाजी आहे. तिथे कुकडी नदीनं दगडात कोरलेले रांजणखळगे बघायला लांबून लोक येतात. अब्बा त्या वाटेनं गेले की नेहमी म्हणायचे, "हम तो रह गये, टाकळी हाजी हो गई." अब्बांची हज राहून गेली. शेतीचं एक वर्ष चांगलं गेलं की दुसरं बुडायचं. आता ते नाहीत, पण टाकळीची पाटी दिसली की मला आधी हसू येतं आणि मग पुढचे दोन किलोमीटर मी काही बोलत नाही.

जुन्नरला लागून हापूसबाग आहे. बाहेरच्याला वाटतं कोकणातून कुणी आंब्याची कलमं आणली असतील. तिथे आंब्यापेक्षा घुमट प्रसिद्ध आहे, हबशी घुमट. हापूसबाग हा हबशीबागेचाच अपभ्रंश असल्याचं सांगतात. मलिक अहमदनं १४९० मध्ये निजामशाही उभी केली ती जुन्नरातून. त्या काळात आफ्रिकेतून आलेले हबशी इथे सरदार झाले, इथेच राहिले, इथेच दफन झाले. मराठी जिभेनं त्यांची बाग घेतली आणि तिला आंब्याचा वास लावला. मला यात अपमान दिसत नाही. जीभ परक्या शब्दाला असंच घरचं करून घेते.

प्राण्यांची नावंही भरपूर. मांजरवाडी आहे, कोल्हेवाडी आहे, घोडेगाव आहे, नागापूर आहे. मांजरवाडीच्या जवळच्या खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे कान लावून बसल्यात. या सगळ्या यादीत बिबट्याच्या नावाचं गाव मात्र नाही. त्याला गरजही नाही. ऊस वाढला की सगळीच गावं त्याची. खुर्द-बुद्रुक, तर्फे अमुक-तर्फे तमुक असला भेदभाव तो करत नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, पण बरेचसे अजून मुक्काम पोस्ट उसातच असतात. आमच्याकडे संध्याकाळी "कुठं निघालास?" असं विचारत नाहीत. "बॅटरी घेतली का?" असं विचारतात.

आणि माणसं? माणसं नावांपेक्षा वल्ली. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा आमच्याकडे काही घरांत सुतक असल्यासारखी शांतता होती. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. त्या दिवशी लोकांनी पेढे वाटले. आमच्या नात्यातले एक चाचा आहेत. त्यांना स्वतःच्या नातवंडांचे वाढदिवस सांगता येत नाहीत, पण कुठल्या घाटात कुठला बैल किती सेकंदात वर गेला हे दशांश चिन्हासकट पाठ आहे. घाटात लाउडस्पीकरवर 'भिर्रर्र' झालं की ते नमाजची टोपी घडी करून खिशात घालतात आणि फेटेवाल्यांच्या गर्दीत मिसळतात. घाटाचा राजा ठरलेल्या बैलाच्या अंगावर गुलाल पडतो तेव्हा चाचाही लालेलाल होऊन घरी येतात. चाची दारातच अडवते, "ऐसेच अंदर नक्को आना." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "अगं, बैलाला जात नसती."

आमच्या तालुक्याचं मुख्य नवल तर मी अजून सांगितलंच नाही. तालुक्याचं नाव आंबेगाव, तहसील घोडेगावात, बाजार मंचरला आणि आंबेगाव पाण्याखाली. खरंच. घोड नदीवर डिंभे धरण झालं, त्यात जुनं आंबेगाव बुडालं. धरणाच्या पाण्याला आता हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि गेले. म्हणजे ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं ते गाव एका हुतात्म्याच्या नावाच्या पाण्याखाली आहे. पुण्यात कात्रजच्या पुढे आणखी दोन आंबेगावं आहेत, अर्थातच एक बुद्रुक आणि एक खुर्द. मी मागवलेली पुस्तकं अधूनमधून तिकडे हिंडून येतात. कुणी विचारलं "आंबेगावला कसं जायचं?" तर आमची पोरं म्हणतात, "पोहता येतं का?"

हा विनोद मी एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांसमोर केला. ते जुन्या आंबेगावचे निघाले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सर, गाव बुडालं तरी दाखल्यावर नाव आहे ना. तेवढं असू द्या." त्यानंतर हा विनोद मी जरा आजूबाजूला बघून करतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

मी आधी शहरातल्या उर्दू शाळेत होतो, आता इकडे मराठी शिकवतो. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला मी एक उपक्रम दिला: आपापल्या गावाच्या नावाचा अर्थ शोधून आणा. पोरं रंगली. खुर्द-बुद्रुकवर हसली, तर्फेवर हसली, निरगुड सरांवर तर फारच हसली. मी फळ्यावर 'काशिंबेग' लिहिलं आणि कासिम, बेग अशी फोड केली. तेव्हा त्याच गावचा एक मुलगा, वर्गातला चांगला हुशार, उभा राहिला. म्हणाला, "सर, मग हे तुमच्यातलं नाव आहे?"

त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. थोडी काळजी होती. आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न आला, "मग आमच्या गावाचं नाव पण बदलणार का?"

वर्ग शांत झाला. मी खडू खाली ठेवला. वीस वर्षं शिकवतोय, पण 'तुमच्यातलं' या शब्दाला तयार उत्तर माझ्याकडे नव्हतं. सकाळी याच पोराच्या आजीनं माझ्या घरी ताकाची कळशी पाठवलेली. तेव्हा मी कुणातला होतो?

हा शब्द मला नवा नाही. एकदा एका प्रशिक्षणात शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "गाव कुठलं?" मी म्हटलं, निरगुडसर. "ते झालं हो. पण मूळ कुठले?" मी म्हटलं, "निरगुडसर." ते हसून म्हणाले, "तसं नाही, त्याच्या आधी?" मी म्हटलं, "तुम्ही निरगुडी उपटायचा कधी प्रयत्न केलाय का? करून बघा. मूळ सापडलं की मला कळवा." ते बिचारे चहा आणायला उठले. उत्तर चांगलं होतं, पण ते मला घरी येताना बसमध्ये का टोचत राहिलं ते मलाच माहीत.

मोठ्या माणसाला टोमणा मारता येतो. तेरा वर्षांच्या पोराला नाही. म्हणून मी त्यांना वहीचं पान काढायला लावलं. "स्वतःचा पूर्ण पत्ता लिहा. आता त्यातला जो जो शब्द 'आमच्यातला' आहे तो खोडा." मीच एकेक सांगत गेलो. मुक्काम, अरबी, खोडा. तालुका, अरबी, खोडा. जिल्हा, तोही अरबी, खोडा. मौजे लिहिलं असेल तर तेही. बुद्रुक, खुर्द, फारसी, गेले. तर्फे, गेलं. "पोस्ट आणि पिनकोड राहिले सर." ते इंग्रजांचे, खोडा. मग म्हटलं, "आता दुसऱ्या बाजूनं. माझा पत्ता घ्या आणि त्यातलं 'तुमच्यातलं' खोडा." निरगुडी गेली, आंबा गेला, गाव गेलं. फळ्यावर दोन पत्ते उरले. एकावर तालुका नव्हता, दुसऱ्यावर गाव नव्हतं. "यातलं कुठलं पत्र पोहोचेल?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "दोन्ही कात्रजला जातील, सर."

वर्ग हसला आणि माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं.

शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्यानं अगदी रास्त मुद्दा काढला. म्हणाले, "पण शिवाजी महाराजांनीच राज्यव्यवहारकोश करून घेतला ना? फारसी शब्द काढायला?" खरंच आहे. रघुनाथपंडितांनी तो केला आणि आपली भाषा राज्यकारभारात यावी ही महाराजांची दृष्टी मोठीच होती. मराठीचा शिक्षक म्हणून मला तिचा अभिमान आहे. पण पेशव्याला 'पंतप्रधान' हा सुंदर शब्द दिल्यावरही लोकांच्या तोंडी पेशवे ते पेशवेच राहिले, आणि पेशवा शब्द फारसी. आणखी एक गोष्ट मी त्यांना आठवण करून दिली. शिवनेरीवर जन्मलेल्या महाराजांच्या वडिलांचं नाव शहाजी आणि चुलत्यांचं शरीफजी. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला आणि त्यावरून मुलांची नावं ठेवली असं परंपरा सांगते. सहकारी जुन्नरचेच. म्हणाले, "हे माहीत होतं, पण असं कधी बघितलं नव्हतं." मग आम्ही चहा प्यायलो. भांडण झालं असतं तर लेखात रंगत आली असती, पण नाही झालं.

नावं बदलूच नयेत असं माझं म्हणणं नाही. ऑस्ट्रियात एक गाव होतं, त्याचं नाव इंग्रजीत घाणेरडी शिवी ठरायचं. पर्यटक पाट्या चोरून न्यायचे. शेवटी वैतागून गावानं २०२१ पासून स्पेलिंगच बदललं. आपल्याकडे जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं २०२० च्या डिसेंबरात घेतला. तो फार आधी व्हायला हवा होता. ज्या नावानं लेकराला मान खाली घालावी लागते ते नाव गेलंच पाहिजे. शहरांची नावंही बदलली. औरंगाबाद आणि उस्मानाबाद २०२३ मध्ये, अहमदनगर २०२४ मध्ये. मी वर्गातल्या जुन्या नकाशावर पेनानं नवी नावं लिहिली, परीक्षेत तीच बरोबर धरतो. मलिक अहमद जुन्नरातून निघून ते शहर वसवायला गेला होता, हेही शिकवतो. दोन्ही गोष्टी एकाच तासात बसतात.

मला रुखरुख लागते ती पाटीची नाही. पाटी सरकारची असते. पण पाटी बदलली की कुठल्या तरी वर्गात कुणीतरी पोर उभं राहून 'तुमच्यातलं' म्हणतं, आणि कुठल्या तरी वर्गात दुसरं एक पोर, ज्याचं नाव कासिम असू शकतं, मान खाली घालून वहीत बघत बसतं. माझ्या त्या वर्गात असं एक पोर होतं. त्या दिवशी तास संपेपर्यंत मी सगळ्यांत जास्त वेळा त्याच्याकडेच पाहत होतो. "दोन्ही कात्रजला जातील" असं मागच्या बाकावरून ओरडलं ते तेच.

उपक्रमाचा शेवट म्हणून मी पाच-पाच रुपयांची पाकिटं आणली. प्रत्येकानं स्वतःलाच पत्र लिहायचं, वर पूर्ण पत्ता टाकायचा, एकही शब्द न खोडता. पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा पोस्टाच्या पेटीत हात घातला. चार-पाच दिवसांत पत्रं येऊ लागली. अवसरी खुर्दला आलं, बुद्रुकला आलं, पारगावला आलं, आणि बरोबर आमच्याच पारगावला आलं. वडगाव काशिंबेगचा मुलगा पाकीट नाचवत वर्गात आला. "सर, आलं! पोस्टमननं नाव वाचलं आणि काही विचारलंच नाही."

मीही एक टाकलं होतं. पोरांच्या आग्रहाखातर वर लिहिलं होतं, 'निरगुड सर, मु. पो. निरगुडसर'. पोस्टमनदादांनी दारात उभं राहून ते दोन वेळा वाचलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "सर, तब्येत बरी आहे ना? स्वतःलाच पत्र लिहिताय."

अम्मी आतून ओरडली, "पूछ रे जरा, पारगाव से बटाटे का कुछ आया क्या?"